पूजेतले चार चेंडू

१२ ऑक्टोबर २०२४, शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम दोनशे ब्याऐंशी युरो: चार चेंडू, एक पंप, एक शिटी आणि पांढऱ्या झेंड्यांच्या दोन जोड्या, यांची मिळून किंमत. हजर: आई, मी, माझी बायको, आमची मुलगी आणि देव.

वरचा सगळा माल देवासमोर पाटावर मांडलेला होता. चारही चेंडूंवर हळदीकुंकवाची बोटं ओढलेली होती. स्वस्तिक नव्हतं, ते इथे जर्मनीत दाराबाहेर न्यायचं नसतं, हे आईला तिच्या पहिल्याच खेपेला समजावलं होतं. पंपाला गंध लागलं होतं, शिटीवर अक्षता होत्या आणि झेंडे शेवंतीखाली झाकून गेले होते. शेजारी माझं ड्रिल, तिघांचे लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मुलीचा कॅल्क्युलेटर. आईने पहाटे उठून केलर, म्हणजे आमचं तळघर, पूर्ण रिकामं केलं होतं. कामात काही सोडायचं नाही हा स्वभाव मला कुठून आला, असं लोक विचारतात. त्यांनी आईला भेटावं.

त्या वर्षी खंडेनवमी आणि दसरा एकाच दिवशी आले होते. असं झालं की पूजेतली हत्यारं सीमोल्लंघनाला निघेपर्यंत हलवायची नाहीत, अशी आईच्या सासरची रीत आहे.

"पण चेंडू हत्यार कसं काय?" मी विचारलं.

"दर शनिवारी ते घेऊन फायर ब्रिगेडशी लढायला जाता ना? मग?"

अडचण इतकीच होती की दुपारी दोन वाजता आमच्या लीगचा अंतिम सामना होता आणि लीगकडे पाचवा चेंडू नव्हता.

ही लीग काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं.

आमचं गाव हॅनोव्हरच्या उत्तरेला माळरानात आहे. हॅनोव्हरहून गाडीने सव्वा तास लागतो. रेल्वे नाही, आणि शेवटची बस संध्याकाळी सात वाजायच्या आतच निघून जाते. गावात तीन बेकऱ्या, एक चर्च आणि खोल विहिरींचे पंप बनवणारा एक कारखाना आहे. मी त्या कारखान्यात इंजिनिअर आहे. अशा या गावात ऑस्ट्रेलियन नियमांच्या फुटबॉलची लीग आहे. हे मी पुण्यातल्या मित्रांना सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, "म्हणजे सोलापुरात आइस हॉकी." त्याने फार अतिशयोक्ती केली असं मला वाटत नाही.

हा खेळ लंबगोल मैदानावर लंबगोल चेंडूने खेळतात. चेंडू हातात धरता येतो, ठोसा मारून दुसऱ्याकडे देता येतो आणि पायाने मारता येतो. दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब असतात, वर आडवी दांडी नसते. मधल्या दोन खांबांतून पायाने चेंडू मारला तर सहा गुण. कडेच्या फटीतून गेला तर एक. मधूनच गेला, पण हाताने ढकललेला असला, तरीही एकच. हा शेवटचा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. आमच्याकडचे लोक तो लक्षात असूनही विसरले.

लीग काढली ती कारखान्यातल्या एका ऑस्ट्रेलियन वेल्डरने. आता ते एकाहत्तर वर्षांचे आहेत आणि आम्ही सगळे त्यांना संस्थापक म्हणतो. ते सहा महिन्यांच्या कामासाठी आले, दुसऱ्या क्रमांकाच्या बेकरीच्या मुलीशी लग्न केलं आणि राहिले. २००६ साली त्यांनी सासऱ्यांच्या दुकानात काउंटरमागे एक कागद चिकटवला: ज्यांना झेल घेता येतो त्यांनी रविवारी ओढ्याकाठच्या कुरणात यावं. अकराजण आले. त्यातले चार बिअर फुकट आहे असं ऐकून आले होते, आणि ती नव्हती.

खांब त्यांनी कारखान्याच्या भंगारातल्या पाइपांचे केले. नऊ मीटर उंच, आणि खाली दीड मीटर काँक्रीट. राटहाउसला, म्हणजे गावच्या कचेरीला, ते झेंड्यांचे खांब वाटले. आठ देशांचे झेंडे लावणार असाल तर कोणत्या देशांचे, अशी विचारणा झाली. संस्थापक म्हणाले, एकाही देशाचा नाही. त्यावर परवानगी लगेच मिळाली.

पहिली अकरा वर्षं लीगमध्ये दोनच संघ होते: कारखाना आणि गावची स्वयंसेवक अग्निशमन तुकडी. दोन्ही संघ उन्हाळाभर एकमेकांशी आठ सामने खेळायचे. मग गुणतक्ता लागायचा, त्यातले पहिले दोन अंतिम सामन्यात जायचे. अंतिम सामन्यात कोण येणार, याची अकरा वर्षं कुणालाच उत्सुकता नव्हती. मी एकदा संस्थापकांना विचारलं की थेट अंतिम सामनाच का खेळला नाहीत. ते म्हणाले, "मग ती लीग कशी होईल?"

अग्निशमन संघाची आणखी एक गंमत होती. सामन्यात भोंगा वाजला की अख्खा संघ मैदानाबाहेर पळायचा. त्यासाठी लीगच्या नियमांत एक खास कलम आहे: गुण आहेत तिथे थांबवायचे आणि पाऊण तास वाट बघायची. एकदा गवताच्या कोठाराला आग लागली तेव्हा कारखान्याचा संघही मदतीला गेला. मैदानावर एकटे पंच उरले. त्यांनी पाऊण तास वाट पाहिली आणि तेही गेले.

आम्ही या लीगमध्ये आलो ते क्रिकेटमुळे. २०१७ पर्यंत कारखान्यात आम्ही सात मराठी इंजिनिअर जमलो होतो: चार पुण्याचे, दोन नाशिकचे, एक कोल्हापूरचा. खेळायला गोल मैदान हवं होतं. पंचक्रोशीत नीट कापलेलं असं मैदान एकच, ते संस्थापकांचं. आम्ही विचारायला गेलो. त्यांनी आम्हाला मोजून पाहिलं.

"सकाळी क्रिकेट खेळा," ते म्हणाले. "दुपारी मला तिसरा संघ द्या."

"आम्हाला हा खेळ येत नाही."

"अग्निशमनवाल्यांना तरी कुठे येतो?"

असे आम्ही तिसरा संघ झालो. मैदानावर एका संघात नऊजण लागतात. माझे गुडघे तेव्हाच निवृत्त झाले होते, म्हणून आम्ही सहा. त्यात दोघांच्या बायका, गावातला दंतवैद्य, आणि मागच्या वर्षापासून आमची मुलगी. मला गोलपंच केलं. गोलपंच खांबांच्या मागे पांढरा कोट घालून उभा राहतो. सहा गुण झाले की दोन्ही बोटं पुढे करून दोन झेंडे हलवायचे, एक झाला की एक बोट, एक झेंडा. हे काम माझ्यासाठीच निघालं असावं. माझा कोट बायकोच्या प्रयोगशाळेतला आहे. खिशावर अजून मिथिलिन ब्लूचा डाग आहे. पुढे मला त्सॉयगवार्टही केलं, म्हणजे साहित्याची राखण करणारा. त्यामुळे चारही चेंडू आमच्या केलरमध्ये आले आणि तिथून पाटावर.

पहिल्या वर्षी आम्ही एकही सामना जिंकलो नाही. आमचे लोक समोरच्याला अडवताना आधी सॉरी म्हणायचे, तोवर तो निघून गेलेला असायचा. झेल मात्र आम्हाला येत होता. या खेळात लांबून मारलेला चेंडू झेलला की सगळ्यांनी मागे सरायचं आणि झेलणाऱ्याला शांतपणे मारू द्यायचं, असा फार सुसंस्कृत नियम आहे. नाशिकच्या दोघांची स्लिपमध्ये हयात गेलेली. त्यांच्या हातून काही सुटत नसे. तरी २०२४ मध्ये आम्ही पहिल्यांदा अंतिम सामन्यात गेलो, त्यात आमचा पराक्रम थोडा आणि कारखान्याला आलेल्या मोठ्या ऑर्डरचा जास्त. शनिवारच्या पाळ्या लागल्यामुळे कारखान्याचा संघ उन्हाळाभर सहाजणांवर खेळला.

पण त्या वर्षी कोण जिंकतं हा प्रश्न दुय्यम होता. कुरणाचा करार डिसेंबरअखेर संपत होता. शेजारच्या घोडेस्वारी क्लबला तेच कुरण हवं होतं. क्लबचे सभासद आमच्या तिप्पट. राटहाउसमधल्या क्रीडा विभागाच्या बाईंनी संस्थापकांना सरळ सांगितलं होतं: ही खरोखर चालू असलेली लीग आहे, की आठ खांब राखण्यासाठी केलेला देखावा, हे मी अंतिम सामन्याला येऊन बघेन. संस्थापकांनी आम्हाला एवढंच सांगितलं, "ते खांब काढावे लागले तर मी पुन्हा पुरणार नाही. दीड मीटर काँक्रीट आहे." त्यानंतर ते खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. ते चष्मा फक्त वाचताना लावतात, एरवी कधी पुसत नाहीत.

तर दसऱ्याच्या दिवशी बारा वाजता संस्थापक नेहमीसारखे चेंडू न्यायला आमच्या दारात आले. बूट काढून आत आले, देवासमोरचा पाट बघितला आणि तिथेच थांबले. आम्ही तिला आई म्हणतो म्हणून तेच तिचं नाव असावं, असं ते सात वर्षं समजून आहेत, आणि अदबीने आधी फ्राऊ, म्हणजे श्रीमती, लावतात.

"फ्राऊ आई," ते जर्मनमध्ये म्हणाले, "चेंडू फार सुंदर दिसतायत. मी ते नेऊ का?"

"काय म्हणतायत?" आईने मला विचारलं.

"चेंडू मागतायत."

"संध्याकाळी म्हणावं. सीमोल्लंघनाला निघताना. चहा घेणार का विचार."

मी भाषांतर केलं. संस्थापक चहा घेणार होते. ते सोफ्याच्या कडेवर टेकले. ज्या माणसाने स्वतःच्या सासऱ्याशी खांबांवरून चार वर्षं अबोला धरला, तो माझ्या आईपुढे चेंडूंचा एक शब्द काढत नव्हता.

बायको स्वयंपाकघरातून आली. सासूशी वाद कुठून सुरू करायचा हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. ती वाद सुरूच करत नाही.

"आई, सीमोल्लंघन म्हणजे गावाची हद्द ओलांडायची ना?"

"हो."

"मैदान गावाच्या पिवळ्या पाटीच्या पलीकडे आहे. हद्द संपली म्हणून पाटीवर गावाचं नाव खोडलेलं असतं, त्याच्याही पुढे."

आई म्हणाली, "पण वेळ? तिन्हीसांजेला जातात."

"कॅलेंडरमध्ये विजय मुहूर्त दुपारी दोनच्या सुमाराला दिलाय," मी म्हणालो.

"दोन तिकडचे," आई म्हणाली. "तिकडचे दोन म्हणजे इथले साडेदहा. ते केव्हाच होऊन गेले."

हा हिशेब बरोबर होता आणि मला पटलाही. पण बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी पटल्याचं दाखवलं नाही.

"आई, तुम्हीच मागे म्हणाला होतात ना, मुहूर्त जिथे आहोत तिथल्या सूर्याचा धरायचा?"

आई कधी काळी असं म्हणाली असेलही. नसली तरी वाक्य तिला शोभणारं होतं. तिने मान हलवली. "ठीक आहे. पण चेंडू मी घेऊन येणार. पूजेतलं हत्यार पिशवीत कोंबायचं नाही."

"अहो," बायको मला म्हणाली, "गाडी काढा. किल्ली पूजेत आहे, ती आधी आईंकडून घ्या."

पावणेदोनला आम्ही मैदानावर पोचलो. आईने नऊवारीवर बायकोचं हिवाळी जाकीट घातलं होतं आणि हातात ताट होतं: चार चेंडू, निरांजन, अक्षता. सोन्याची पानंही होती. इथे आपटा मिळत नाही. राटहाउससमोर गिंको नावाचं झाड आहे, त्याचं पान आपट्यासारखंच दुभंगलेलं असतं आणि ऑक्टोबरात आपोआप पिवळं होतं. इथली मराठी घरं तेच लुटतात. आमच्या संघाने ओळीने येऊन चेंडूंना नमस्कार केला. अग्निशमनचा कर्णधार हे बघून गोंधळला. मग त्यानेही हेल्मेट काढतात तशी टोपी काढली.

आईची घडीची खुर्ची माझ्याच मागे, खांबांजवळच्या कठड्याशी लावली. पलीकडे क्रीडा विभागाच्या बाई उभ्या होत्या, त्यांच्या शेजारी घोडेस्वारी क्लबचे अध्यक्ष, तेही गुडघ्यापर्यंतच्या बुटांत. संस्थापक कधी इकडे, कधी तिकडे.

सामना सुरू झाला आणि दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की काहीतरी बिघडलंय.

कोल्हापूरच्या गड्याकडे चेंडू आला. आमच्यातली सगळ्यात लांब लाथ त्याची. समोर मोकळं मैदान होतं, खांब चाळीस मीटरवर. त्याने चेंडू दोन्ही हातांत धरला, कुंकवाकडे बघितलं आणि नाशिककराला हाताने दिला. नाशिककराने दुसऱ्या नाशिककराला दिला. तिथून पुण्याकडे, पुण्याकडून माझ्या मुलीकडे. तिने चेंडू छातीशी धरला, तोही नमस्कार केल्यासारखा, आणि पुढे देऊन टाकला. कुणी काही ठरवलेलं नव्हतं. पण कुंकू लावलेल्या वस्तूला पाय लावायला एकाचाही पाय उचलत नव्हता. दंतवैद्य जर्मन आहे. त्याला कारण कळलं नाही, पण एवढे लोक हातानेच खेळतायत म्हणजे नवा डावपेच असणार, असं समजून तोही हाताने खेळायला लागला.

असा हातोहात चेंडू शेवटी खांबांमधून आत आला. मी एक बोट पुढे केलं आणि एक झेंडा हलवला. एक गुण.

मागून आई म्हणाली, "एकच बोट का?"

"आई, मला बोलता येत नाही. मी पंच आहे."

"पंचाला आई नसते का?"

अग्निशमनला असली काही अडचण नव्हती. ते धडाधड लाथा घालत होते. दर लाथेला आमचे नऊजण डोळे मिटत होते.

"अगं, ते पाय लावतायत," आई बायकोला म्हणाली.

"त्यांच्यात चालतं, आई."

"त्यांच्यात चालतं हे ठीक. जिंकतायत का पण?"

जिंकत होते. चारपैकी पहिला भाग संपला तेव्हा अग्निशमनचे पंचवीस गुण झाले होते आणि आमचे चार. चारही एकेकाचे.

कठड्याशी घोडेस्वारीचे अध्यक्ष बाईंना सांगत होते, आणि आवाज खाली ठेवायची त्यांची इच्छा दिसत नव्हती. "अर्जात फुटबॉल लिहिलंय. पाय दाखवा मला. माझा घोडा यांच्यापेक्षा जास्त फुटबॉल खेळतो."

बाई संस्थापकांकडे वळल्या. "या संघाच्या पायांना काही झालंय का?"

"नाही," संस्थापक म्हणाले.

"मग ते रोज असेच खेळतात?"

"नाही."

"म्हणजे आज खेळत नाहीयेत."

संस्थापक तिथून निघून माझ्याकडे आले. तोंडावरचा रंग उतरला होता. "काय चाललंय?" मी सांगितलं. ते ऐकत राहिले, मग ताटाकडे आणि आईकडे बघून म्हणाले, "अठरा वर्षं मी या गावाला सांगतोय की चेंडूचा मान ठेवा. आणि आज नेमका ठेवला." मग हळूच म्हणाले, "मी तिला विचारू शकत नाही. तू मुलगा आहेस."

मी आईच्या खुर्चीशी गेलो. आमचा संघ पाणी प्यायला तिथेच जमला होता.

"आई, एक नियम सांगायचा राहिला. पायाने मारलं तर सहा गुण असतात."

"आणि हाताने?"

"एक."

आईने संघाकडे बघितलं. "आणि आपली मुलं हाताने मारतायत."

"हो."

"का?"

कोल्हापूरकर आपल्या बुटांकडे बघत होता. "काकू, तुम्ही पूजा केलीय. कुंकू लावलेल्याला लाथ कशी घालायची? तुम्ही समोर बसलाय."

"आजी बघत होती ना," मुलगी जर्मनमध्ये म्हणाली.

"मला काय माहीत हा लाथेचा खेळ आहे," आई म्हणाली. "घरी मागच्या अंगणात सगळे हातानेच तर खेळता."

हे खरं होतं. शेजाऱ्यांचं काचेचं हरितगृह आहे, म्हणून अंगणात पायाने मारायला मी बंदी घातली होती. आईने सहा आठवडे खिडकीतून हा खेळ बघितला होता आणि एकदाही कुणाचा पाय उचललेला पाहिला नव्हता.

"सहाचं एक होतंय," ती मला म्हणाली, "आणि हे तू मला आत्ता सांगतोस? हिशेबी म्हणे."

संघातले दोघे-तिघे हसले. मी पंच असल्यामुळे हसलो नाही.

"अहो आई, पण आता काय करायचं?" बायकोने विचारलं.

"करायचं काय त्यात? उत्तरपूजा. सीमा ओलांडून झालीय, मुहूर्त झालाय. चिमूटभर अक्षता लागतात." तिने प्रत्येक चेंडूवर अक्षता टाकल्या, डोळे मिटून दोन ओळी पुटपुटली, चारही चेंडू ताटातल्या ताटात किंचित उत्तरेला सरकवले. उत्तर कुठे ते मला विचारून घेतलं. मग जाकिटातून पदर ओढून काढला आणि एकेक चेंडू उचलून त्याने हळदकुंकू स्वच्छ पुसलं. शेवटचा चेंडू कोल्हापूरकराच्या हातात दिला.

"घे. आता हा नुसता चेंडू आहे. घाल लाथ."

"काकू, नक्की?"

"नाहीतर मी घालीन."

दुसऱ्या भागात कोल्हापूरकराने पहिलीच लाथ पंचेचाळीस मीटरवरून घातली. बाजू बदलली होती, त्यामुळे तो गोल समोरच्या टोकाला झाला आणि दोन झेंडे मला हलवता आले नाहीत, याचं मला अजून वाईट वाटतं. पुढच्या तीन भागांत आमचे आठ गोल झाले, शिवाय कडेच्या फटीतून दोन एकेरी गुण. मुलीने एक केला. चेंडू खांबांमधून जाताना ती आजीकडे बघत होती, खांबांकडे नाही. कठड्यावरचे साठेक लोक आधी अग्निशमनच्या बाजूने ओरडत होते. नंतर कुणाच्या बाजूने ओरडतात हे सांगता येईना. घोडेस्वारीचे अध्यक्ष तिसऱ्या भागात बाईंना आणखी काहीतरी सांगू लागले, तेव्हा बाई म्हणाल्या, "थांबा जरा, मला बघू द्या."

आम्ही हरलो. अग्निशमन सत्तावन्न, आम्ही चोपन्न. तीन गुणांनी, म्हणजे अर्ध्या लाथेने.

"मी तरी म्हणत होते, उत्तरपूजा लवकर उरकू," आई म्हणाली. ती असं काही म्हणत नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं.

बाई आईच्या खुर्चीशी आल्या. त्यांना मधल्या सुट्टीत काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. आईने खंडेनवमीपासून सुरुवात केली: हत्यारं, त्यांची विश्रांती, सासरची रीत, विजय मुहूर्त, इथला सूर्य. पाच मिनिटं बोलली. मुलगी आजीचं सगळं ऐकून घेते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. तिने भाषांतर एका वाक्यात केलं: "आज चेंडूची सुट्टी होती, आजीने ती दुपारी संपवली."

बाईंना हे लगेच पटलं. ज्या देशात रविवारी गवत कापलं तर शेजारी पोलिसांना फोन करतो, तिथे आणखी काही समजावावं लागत नाही.

"गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "सुट्टी म्हणजे सुट्टी." आईने त्यांच्या हातात एक पान ठेवलं. त्यांनी ते पर्समध्ये नीट आडवं ठेवलं. मग संस्थापकांकडे वळल्या. "मी देखावा बघायला आले होते. देखाव्यात कुणी मुद्दाम एकवीस गुणांनी मागे पडत नाही. मी शिफारस करते. दहा वर्षं."

"बारा करा," संस्थापक म्हणाले.

"जास्तीत जास्त दहा देता येतात."

"दहा वर्षांनी मी एक्याऐंशीचा असेन."

"मग तेव्हा पुन्हा अर्ज करा."

घोडेस्वारी क्लबच्या अध्यक्षांना ओढ्याकडची पट्टी मिळाली, घोड्यांच्या गाड्या लावायला. त्यांनी आईकडून पान घेतलं आणि हुंगून बघितलं. संस्थापक जवळच्या खांबापाशी गेले आणि त्यावर हाताचा तळवा ठेवून उभे राहिले. आम्ही तोवर सामान आवरलं.

गावाच्या समितीने नोव्हेंबरात करार मंजूर केला. कुरण आजवर फुकट होतं, आता वर्षाला नव्वद युरो भाडं बसलं. ते फेराइनच्या खात्यातून जायला हवं होतं. फेराइन म्हणजे आमची नोंदणी झालेली संस्था. संस्थापक म्हणाले, पहिल्या वर्षाचं मी देणार. ते नोटा घेऊन राटहाउसच्या खिडकीवर गेले. खिडकीवरच्या माणसाने सांगितलं की रोख घेत नाही, बँकेतून पाठवा. त्यांनी नोटा माझ्या हातात दिल्या, पन्नासची एक आणि वीसच्या दोन, आणि म्हणाले की पावतीखाली त्यांचं नाव यायला हवं. मी त्यांच्या नावाने भरले. नव्वद युरो, गावाच्या खात्यात.